रविवारचे डावे हात

लोकसभेच्या मतदानावर आमच्या कोळीवाड्यानं बहिष्कार टाकला होता. समुद्र घरांच्या पायऱ्यांपर्यंत आला, तरी बंधारा होत नव्हता. पालघर मतदारसंघातून निवडून गेलेला कुणी पुन्हा फिरकलाही नव्हता. त्यामुळे ठरलं की एकानंही मत द्यायचं नाही. संध्याकाळी शाळेतल्या केंद्रावरून कळलं, एक मत पडलं होतं.

तेव्हापासून गाव एकमेकांची बोटं बघू लागलं. पण लिलावात बाया हातमोजे घालून मासळी निवडतात, आणि शेजारच्या लुईझानं तर डाव्या तर्जनीला पट्टी बांधली होती. शिंगाळा माशाचा काटा लागला म्हणाली. नवरा गेल्यावर ती एकटीनं होडी चालवते. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन रेमंड यानं सांगून टाकलं होतं की ज्यानं मत दिलं त्याच्या होडीला बर्फ मिळणार नाही. बर्फ नाही म्हणजे मासळी कुजणार.

शनिवारी रेमंड मला देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात गाठून म्हणाला, "मास्तर, मिस्सेला सगळ्यांचा डावा हात तुमच्याच म्होरं येतो. कोनाचं बोट काळं, एवढंच सांगा."

मी खरा मास्तर नव्हे. पापडीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळायचो. निवृत्तीनंतर फादरांनी मला मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद वाटायला घेतलं. लोक उजव्या हातावर डावा ठेवून तळवा पुढे करतात. मतदानाची शाई नखावरून बोटाच्या कडेला उतरते, ती तळवा उताणा असला तरी दिसते. इतकी वर्षं मी त्या हातांकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं, पण माझ्या तोंडून 'बघतो' निघालं. घरी येऊन फक्त बायकोला, फेलिशियाला सांगितलं. ती चहा न देताच लुईझाकडे गेली.

रविवारी ख्रिस्तप्रसादाचं पात्र घेऊन मी उभा राहिलो. लुईझानं पट्टी काढलेली असेल तर? मला नीट खोटं बोलता येत नाही.

रांगेत पहिली फेलिशिया होती. ती नेहमी हातावर घेते. आज तिनं हात पदराखाली ठेवले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तोंड उघडलं. मी तिच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवला. तिच्या मागे उभ्या मासळी विकणाऱ्या बेटीनंही तोंड उघडलं. मग तिच्या सुनेनं, खलाशांनी, लुईझानं. सगळ्यांचे हात पदराखाली, खिशात, पाठीमागे. ओळखीची माणसं माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच कुणाचा तरी हेर होतो. मनात म्हटलं, आहेसच की.

शेवटी रेमंड आला. त्याला कुणी सांगितलं नसावं. त्यानं स्वच्छ डावा तळवा पुढे केला, आणि मागे वळून बाकांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

बाहेर तो हळूच म्हणाला, "मास्तर, बगितलं?"

"एकच हात दिसला," मी म्हणालो. "तुझा."

त्यानं आपला हात उलटसुलट करून पाहिला. "मंग काय," म्हणाला, "समद्यांचाच बर्फ बंद करू?" आणि फटफटी न घेताच चालत निघाला.

सोमवारी सगळ्या होड्यांना बर्फ मिळाला.

लुईझाची पट्टी कधी उतरली, मला माहीत नाही. ती ओटीवर बसली की मी पुस्तक वर धरतो. फेलिशिया म्हणते, उलटं धरता.