डंकनचा नन्नाचा पाढा

‘आता तरी हो म्हण रे बाबा,’ एवढं डंकनला लिहून मेरिनने पाठवून दिलं आणि चहासाठी उठली. खिडकीबाहेर होबार्टच्या डोंगरावर बर्फ होतं, आणि आत वर्षभर चाललेला हा एकच वाद.

लोकांच्या कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपणारा प्रोग्राम ही दोघं सांभाळायची. जागा वाचावी म्हणून तो सुट्या प्रतींचा एक गठ्ठा बांधायचा आणि मग सुट्या पुसून टाकायचा. पण पुसण्याआधी तो गठ्ठा डिस्कवरून पुन्हा वाचून ताडून बघायचा. ही तपासणी डंकनची, आणि तिच्यापायी वेळ दुप्पट. आत्ता लिहिलेलं आत्ताच कोण तपासतं? मेरिनला ती काढायची होती, पण एकाच्या बदलाला दुसऱ्याची मान्यता हवी, अशी तिथली रीत. डंकनचं तोंड दुधाने कधी पोळलं होतं देव जाणे, ताक मात्र तो फुंकूनच प्यायचा. वर्षभर त्याचा नन्नाचा पाढा चालू होता.

फोन वाजला. फिजीतल्या सुवाहून लिटिया नावाची बाई बोलत होती.

“तुमचा प्रोग्राम अडून बसलाय. म्हणतो, गठ्ठा जुळत नाही, सुट्या प्रती पुसणार नाही.”

“जुळत नाही?” मेरिन कप घेऊन पुन्हा खुर्चीत बसली. “गठ्ठा दुसऱ्या डिस्कवर बांधून बघा बरं.”

पलीकडे बटणांचा खडखडाट झाला. मग गठ्ठा बांधून होईपर्यंत नुसता पंख्याचा आवाज.

“इथे जुळला. म्हणजे डिस्कच खराब होत चाललीय.” लिटिया म्हणाली. “बाहेरच्या बेटांवर वादळाचा भोंगा वाजवणारा कोड आहे हा. दुसरी प्रत ज्या संगणकावर होती तो गेल्या वादळात भिजून गेला. या सुट्या प्रती पुसल्या गेल्या असत्या तर...”

मेरिनने कप खाली ठेवला.

“त्या शाबूत आहेत ना? आधी सगळ्या तिकडे उतरवून घ्या.”

“घेतल्या. विनाका, बाई, फार फार आभार. ही तपासणी कोणी लिहिली? नाव सांगा, रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत घेईन.”

“डंकन,” मेरिन म्हणाली. “डंकन पायबस.”

“तुम्ही त्यांच्याबरोबर काम करता? नशीबवान आहात.”

“हो,” मेरिन म्हणाली. “आहे खरी.”

फोन ठेवून ती आपला बदल मागे घ्यायला वळली. पडद्यावर डंकनचं उत्तर येऊन पडलं होतं. मान्यता दिलेली, आणि खाली दोन ओळी: ‘तुझंच बरोबर. इतक्या दिवसांत एकदाही काही सापडलं नाही, मी उगाच भितो. काढून टाक.’

मेरिनने ते दोनदा वाचलं. मग तिने बदल मागे घेतला आणि डंकनला फोन लावला. तो घरामागे सफरचंदाची झाडं छाटत होता, कात्रीचा आवाज येत होता.

“मिळाली ना मान्यता? आता तरी पिच्छा सोड माझा.”

“मिळाली. डंकन, तुझे उपकार कसे फेडू कळत नाही.”

“एका मान्यतेचे एवढे उपकार?”

“त्याचे नाही, म्हाताऱ्या,” मेरिन म्हणाली. “वर्षभर नाही म्हणत राहिलास, त्याचे. कात्री खाली ठेव, सांगते.”