उजव्या कानातलं रडणं

काकूंच्या फाटकापासून निघालेली रांग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत गेली होती. आत जायचं, हेडफोन कानाला लावायचा, एक बाई रडताना ऐकायची आणि डोळे पुसत बाहेर यायचं, असा एकूण कार्यक्रम. बाहेर येणारा प्रत्येक जण पदरची थोडी भर घालत होता. एकाला नुसते हुंदके ऐकू आले, दुसऱ्याला पावलं वाजली, तिसऱ्याला तर तिने चक्क नावाने हाक मारली.

"मेलेली मुलगी बोलतेय हो," रांगेतल्या एक बाई मला म्हणाल्या. "अंगावर काटा आला, हे बघा! तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलंय," मी म्हणाले आणि मान खाली घातली.

मी नटी. म्हणजे आपलं म्हणायला. काकूंच्या घरात आम्ही एक भुताचा सिनेमा केला, त्यातलं भूत मी. सिनेमा इतका गरीब की भुताला झगा एकच, तोही माझ्या मापाचा नाही. रोज सकाळी तो पिनांनी माझ्या अंगावर बसवावा लागे. दिग्दर्शकाच्या तोंडी सारखं 'व्हिजन' यायचं, म्हणून त्याचं नावच व्हिजन पडलं. आवाज मुद्रित करणारा तो कानसेन. त्याच्या हेडफोनचा उजवा कान मेलेला होता. नवा मागितला की व्हिजन म्हणे, "अरे, डाव्यात ऐकू येतंय ना? मग झालं तर!"

काकूंनी आम्हाला घर दिलं, वर दिवसभर चहा दिला. त्यांना काचबिंदू होता. हात थरथरायचा, औषधाचे थेंब डोळ्याऐवजी गालावर पडायचे, म्हणून ते काम मी आपणहून अंगावर घेतलं. पांढरा रंग फासलेलं भूत काकूंवर वाकून थेंब घालतंय, हे बघून सगळे खो खो हसायचे. काकूही हसायच्या. असंच एकदा मान मागे टाकून बसलेल्या असताना त्यांनी मुलीबद्दल सांगितलं. भांडून घर सोडून गेली आणि परगावी आजारी पडून वारली. मधल्या काळात दोघींपैकी कोणीच फोन केला नव्हता.

"मी करायला हवा होता गं," काकू म्हणाल्या. "मोठी मी होते."

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. खोलीतलं काम संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता मुद्रित करायची. पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला ती लागते. शेवटच्या दिवशी काकूंच्या दिवाणखान्याची शांतता अशीच घेतली. पुढे चित्राशी आवाज जुळवताना दुसऱ्या हेडफोनवर ती लावली, तर त्या शांततेत एक बाई रडत होती. 'आई, चुकलं माझं. मी येते घरी.'

कानसेनची बोबडी वळली. शेजारपाजारचा आवाज आहे का ते विचारायला व्हिजन आम्हाला घेऊन काकूंकडे गेला. काकूंनी ऐकलं आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

"माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी आहे ही!"

मग मी ऐकलं. पहिल्याच हुंदक्याला मला कळलं. स्वतःचं रडणं कोणाला ओळखू येत नाही?

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण काकूंचा चेहरा असा उजळला होता की मी उघडलेलं तोंड मिटलं. कानसेन माझ्याकडे बघत होता, त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. व्हिजनने आम्हा दोघांना जिन्यात गाठलं.

"कोणी एक अक्षर बोलायचं नाही. सिनेमाला कुत्रं विचारत नव्हतं. ही बातमी पसरली तर लोक शोधत येतील. आणि बाईंना आनंद होतोय, आपल्या बापाचं काय जातं?"

मला ते पटलं नव्हतं. मला ते सोयीचं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

रेकॉर्डिंग काकूंकडेच राहिलं, बातमी पसरली आणि गुळाला मुंगळा लागावा तसे नादगुरू आले. पांढरा सदरा, गळ्यात काळा हेडफोन, बोलणं अर्धं आध्यात्मिक आणि अर्धं रेडिओ दुरुस्तीचं. "शब्द मरत नसतो, माउली. शब्द फक्त चॅनल बदलतो. आत्मा म्हणजे फ्रिक्वेन्सी. देह म्हणजे अँटेना!" लोक माना डोलवत. अँटेना म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

त्या दिवशी रांगेला वळसा घालून मी स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले. काकू बारीक झाल्या होत्या. टेबलावरचा पेला घ्यायला गेल्या आणि शेजारची बरणी कलंडली. पाणी घ्यायला मी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात थेंबांची बाटली होती, झाकणाचं सील जसंच्या तसं.

"काकू, औषध?"

"बंद केलंय. गुरुजी म्हणाले, ती आईच्या आसवांच्या वाटेने येते. औषध घातलं की वाट बंद."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? गेलेली नजर परत येत नाही!"

"मुलगी परत आली ना," काकू शांतपणे म्हणाल्या. "नजर घेऊन काय करू?"

न्हाणीघराच्या आडोशाला जाऊन मी कानसेनला फोन लावला.

"तो कॉलरचा माइक घेऊन ये. स्पीकरही आण."

"व्हिजन मारेल आपल्याला."

"मारू दे."

दुपारी दिवाणखाना गच्च भरला. काकू मधल्या खुर्चीत, समोर नादगुरू. त्यांना कानसेन म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांना एकदम ऐकू यावं म्हणून स्पीकर लावतो." गुरुजी खूश झाले. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली, कमोडपाशी उभी राहून माइक कॉलरला अडकवला आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं. मी येते घरी."

बाहेर एकच कल्लोळ उठला. त्यावर नादगुरूंचा आवाज चढला. "आली! आली! मला दिसतेय! खिडकीपाशी उभी आहे, केस मोकळे, पायाखाली धुकं! बोल बाळा, काय हवंय तुला?"

मी हात लांब करून फ्लश ओढला.

स्पीकरमधून तो घरभर घुमला. मग मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. कडी काढून मी बाहेर आले. मी बोलत होते आणि माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या स्पीकरमधून येत होता.

"गुरुजी, मी खिडकीत नव्हते. संडासात होते."

"आत्म्याने हिच्या देहाचा..." गुरुजींनी सुरुवात केली.

"तो फ्लशपण आत्म्यानेच ओढला का हो?" रांगेतल्या त्याच बाई ओरडल्या.

मग मी सगळं सांगितलं. झग्याच्या आत असा माइक पिनांनी बसवलेला असायचा. सगळे शांतता मुद्रित करत होते तेव्हा भुताचं काम नव्हतं, म्हणून मी इथे न्हाणीघरात आले आणि तो बंद करायचा राहिला. बिनतारी माइक, दाराला जुमानत नाही. माझा आवाज उजव्या बाजूला मुद्रित होत होता आणि कानसेनच्या हेडफोनचा उजवा कान मेलेला. त्याला शांतताच ऐकू आली. यात आत्मा कुठेच नव्हता. होती ती माझी चूक, आमचा कंजूसपणा आणि नंतरचं आमचं गप्प बसणं.

गुरुजी कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही. गर्दी हसत, चरफडत पांगली. काकू मात्र हलल्या नव्हत्या.

"तू का रडत होतीस?" त्यांनी विचारलं.

"आईचा फोन आला होता. कामात आहे म्हणून तोडला. नेहमीच तोडते. मग रडू आलं, एकटीच बोलत बसले."

"मग गेलीस घरी?"

"नाही."

"म्हणजे ती काही बोललीच नाही," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू."

त्या वेळी त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी मान मागे टाकली.

"थेंब घाल."

मी सील तोडलं. पहिला थेंब माझ्याही हातून गालावरच पडला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्याची बरीच नजर गेली, उरलेली औषधाने टिकेल. टिकली आहे. व्हिजनने सिनेमातून मला काढलं नाही, कारण दुसरं भूत परवडणारं नव्हतं.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. भिंतीतून आवाज आला तर घाबरायच्या आधी माइक कुठे आहे ते शोधा. 'आई, चुकलं माझं' हे वाक्य कोणत्याही घरात चपखल बसतं, ते आपल्याच घराचं आहे असं मानण्याआधी कोण बोललं ते विचारा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला दाराबाहेर काढा. आणि खरं काय ते माहीत असून गप्प बसलेल्यांना निष्पाप समजू नका. गुरुजींनी थेंब बंद केले, पण आवाज आमचा होता.

मी घरी जाऊन आले. आईशी बोलले. आल्यावर काकूंना सांगायला गेले आणि सवयीने त्यांच्या डाव्या हाताला बसले. त्या समोर बघत म्हणाल्या, "कोण आलंय?"

मी उठले आणि उजवीकडे जाऊन बसले.