लॅब पार्टनर

नर्सिंगला प्रवेश हवा तर आधी बायोलॉजी आणि फिजिक्स पास व्हावं लागेल, असं कम्युनिटी कॉलेजात सांगितलं तेव्हा पायलला आनंदच झाला. लग्न होऊन अमेरिकेत, ईडन प्रेरीत आल्यापासून ती चार भिंतींना कंटाळली होती. अडचण होती जाण्या-येण्याची. तिला गाडी चालवता येत नव्हती, बस सोयीची नव्हती आणि नवरा, अनुप, सकाळीच ऑफिस गाठायचा. तेव्हा वरच्या मजल्यावरची अहिल्या म्हणाली, "अगं, मीही तेच कोर्स घेतलेत. माझ्या गाडीतून चल की."

अहिल्या पुण्याची, बोलकी. लॅबमध्येही दोघींनी एकच टेबल घेतलं. फिजिक्सची गणितं पायल सोडवून दाखवायची, बायोलॉजीतली अवघड नावं अहिल्या गाडीत घोकून घ्यायची. दुपारी डबे वाटून खायच्या. फक्त, "आडनाव काय गं तुमचं?" असं अहिल्यानं विचारलं, की पायल नागपूरच्या उन्हाळ्यावर घसरायची.

फेब्रुवारीत एकदा बर्फामुळे उशीर झाला म्हणून अहिल्या तिला बोलवायला घरात आली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. अहिल्या क्षणभर तिथेच थांबली. मग "चल, निघू या," एवढंच म्हणाली.

त्या दुपारी तिचा उपास निघाला. दुसऱ्या दिवशी भूक नव्हती. नंतर गाडीत पुढच्या सीटवर तिची बॅग दिसू लागली आणि पायल मुकाट्यानं मागे बसू लागली. वाकडा शब्द कुठेच नव्हता, त्यामुळे उत्तर तरी कशाला द्यायचं?

"सोड ना तिची गाडी," अनुप म्हणाला.

"आणि जाऊ कशी?"

तो हळूच म्हणाला, "या वर्षी ड्रॉप करतेस का?"

पायलनं ड्रॉप केलं नाही.

मेंढीचं हृदय कापून बघायचं होतं त्या दिवशी अहिल्या लॅबच्या मॅडमजवळ जाऊन कुजबुजली. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. पार्टनर सेमिस्टर संपेपर्यंत बदलता येणार नव्हता. ती परत आली तेव्हा पायल हातमोजे घालून उभी होती.

"आमचं आडनाव गजभिये," पायल म्हणाली. "तुला कधीचं विचारायचं होतं ना?"

अहिल्याचा चेहरा उतरला. "अगं, तसं काही नाही. आम्ही असलं काही मानत नाही."

"मग माझ्या डब्याला काय झालं?"

अहिल्यानं ट्रे पुढे ओढला. पायलनं सुरी उचलली. "इकडून धर," ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून ते हृदय उभं चिरलं. रिपोर्टला चांगले मार्क पडले.

घरी जायला मात्र तीच गाडी होती. पायल दर रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये अनुपबरोबर ड्रायव्हिंग शिकू लागली, पण मे महिन्यातल्या टेस्टमध्ये नापास झाली. अनुपनं समजूत घातली.

दोन्ही विषयांत ती पास झाली. निकालाच्या दिवशी अहिल्यानं गाडीच्या आरशातून मागे पाहत विचारलं, "पुढच्या सेमिस्टरला काय घेतेयस?"

पायल खिडकीबाहेर बघत होती.

"तू घेशील तेच," ती म्हणाली.