फादर येईपर्यंत

थोरल्यानं आईच्या उशाशी ठेवलेलं धाकट्याचं बायबल उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं. खरं तर उशाशी जागेची काही अडचण नव्हती.

"तिथं काय खात होतं ते?" धाकट्यानं विचारलं.

"सात पुस्तकं कमी आहेत त्यात. आईला पुरं लागतं."

"कमी नाहीत, दादा. तुमच्या कॅथलिक बायबलात जास्त आहेत."

"हे ठरवलं कोणी? अनुक्रमणिका काय आभाळातून पडली होती? ख्रिस्तसभेनं ठरवलं, परंपरेनं जपलं, म्हणून तुझ्या हातात पुस्तक आलं. आता तेच आमच्यावर उगारतोस!"

"सभा चुकते, पोपही चुकतो. वचन चुकत नाही."

"आणि वचनाचा अर्थ लावताना तूही चुकत नाहीस. वा रे वा!"

हे भांडण जुनंच. थोरला गॅरेज चालवायचा आणि रविवारचा चर्चमधला मिस्सा कधी चुकवायचा नाही. धाकटा ऐन तारुण्यात कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झाला, तिकडचीच मुलगी केली आणि पुढे पाळकही झाला. एकमेकांसमोर आले की दोघांना चेव चढायचा. आई मरायला टेकली होती, तरी यांचं चालूच! कुणीतरी दोघांच्या कानाखाली वाजवायला हवी होती, पण ते काम करणारी आता अंथरुणावर होती.

तिला एकच गोष्ट हवी होती. फादरनी यावं, तिच्या पापांची कबुली ऐकावी, क्षमेचे शब्द म्हणावेत. सकाळपासून तिचा तोच धोशा होता. फादर शेजारच्या गावी गेलेले आणि त्यांचा फोन काही लागत नव्हता.

"मी गाडी घेऊन जातो," थोरला म्हणाला. "तोवर तिला प्रवचन देऊ नकोस."

"मधे माणूस हवाच कशाला, दादा? देव काय बहिरा आहे? क्षमा करायची ती त्यानंच."

"देव नाही, आई बहिरी आहे. तुझं ऐकू येत नाही, हे नशीबच तिचं."

त्यानं आईच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "फादरना आणतो गं!" मग जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले.

धाकटा एका दफनविधीहून तसाच आला होता. अंगात काळा कोट, गळ्यात फादर घालतात तशीच पांढरी कॉलर. आईची उशी घसरली होती, म्हणून तो वाकला. तिच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळायची. तिची बोटं चाचपडत त्याच्या गळ्यापाशी आली, कॉलरवर फिरली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलात, फादर?"

ओरडून सांगायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण तिचा तो चेहरा बघून त्याच्यानं बोलवेना. बोलून मोकळी होऊ दे बिचारी, असं मनाशी म्हणून तो खुर्ची ओढून बसला.

सुनेला टाकून बोलले, शेजारणीचा हेवा केला, उपास मोडले, असं बरंच काही तिनं सांगितलं. त्याला हसू आलं, थोडं भरूनही आलं. मग ती थांबली आणि तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"माझा धाकटा चर्च सोडून गेला, फादर. मी देवाला म्हटलं, त्याला असा दणका दे, की रडत परत येईल. रोज म्हणायचे. मग त्याची पोर गेली."

धाकटा हलला नाही.

"एवढीशी पेटी होती. तो माझ्या गळ्यात पडून रडत होता, आणि मला बरं वाटलं, फादर. वाटलं, देवानं ऐकलं, आता येईल हा. पण तो आलाच नाही. आणि मी हे कुणालाच सांगितलं नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"क्षमा आहे का याला? म्हणा ना, फादर."

शब्द त्याला पाठ होते. लहानपणी त्यानं ते कितीदा ऐकले होते. तेही जाऊ दे, हात दाबला असता तरी तिला पुरलं असतं. पण ही बाई मुलीच्या पेटीपाशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती! त्या हाताची त्याला आता किळस आली. त्यानं तिची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"म्हणा ना," ती म्हणत राहिली. "फादर? गेलात का?"

त्यानं वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं आवाज थांबला.

थोरला धापा टाकत फादरना घेऊन आला, तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं आईच्या पायावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. फादरनी तिच्या कपाळावर क्रूस रेखला आणि हळू आवाजात प्रार्थना म्हटली.

"काही बोलली का रे?" थोरल्यानं डोळे पुसत विचारलं.

"फादर आले का, म्हणत होती."

"मग? तू तर इथंच होतास. तिच्या समाधानासाठी दोन शब्द म्हणायचेस. मी काय तुला धरून मारलं असतं?"

"आमच्यात माणसाला तो अधिकार नाही, दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्याचा हात उठला होता. फादरनी तो हलकेच धरला.

"रागावू नका त्याच्यावर. आपल्या श्रद्धेविरुद्ध कसं वागणार तो? सख्ख्या आईपाशीसुद्धा त्यानं तत्त्व सोडलं नाही. अवघड असतं ते."

थोरल्यानं हात खाली घेतला. मग त्यानं मान हलवली.

"खरंय," तो म्हणाला. "आजवर वाटायचं, नुसत्या गप्पा मारतोस. आज मानलं तुला."

आणि धाकट्यानं मानून घेतलं.