सहा अंशांची तूट

नोकरी कायम झाली तर एकनाथ मास्तरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. तलासरीकडच्या शेतात परत चिखल तुडवायला लागणार नव्हता. डहाणू स्टेशनावरचे बुकिंग क्लार्क आपली लेक वसुमती त्यांना देणार होते. आणि हेडमास्तर चारचौघांत ‘ए एकनाथ’ म्हणायचं सोडणार होते. तिसरी सगळ्यांत मोलाची. तिन्ही अडकल्या होत्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यात.

साहेबांवर छाप पाडायला मास्तरांनी मुद्दाम कॉलेजातला धडा काढला: पाण्यात विरलेल्या चुन्याची निर्मिती-उष्णता. मूलद्रव्यांपासून तो चुना घडताना किती उष्णता बाहेर पडते, तो आकडा. सरळ मोजता येत नाही, आडवाटेने गाठावा लागतो. कळीचा, म्हणजे पाणी न लागलेला, चुना घडतानाचे १५१.९ किलोकॅलरी पुस्तकात, पाण्याचे ६८.३ही पुस्तकात. दोघांची गाठ पडल्यावर जी उष्णता निघते ती भांड्यात मोजायची आणि तिन्हींची बेरीज मारायची. अठ्ठावीस ग्रॅम चुन्याने भांड्यातलं पाणी दहा अंश तापलं, की ती उष्णता १५.६ आणि बेरीज २३५.८. उष्णता बाहेर गेली म्हणून आकड्याआधी वजाचं चिन्ह. उत्तर मास्तरांना आधीच पाठ होतं. हुशार माणूस शेवटाकडूनच सुरुवात करतो.

चुना आणला वरोरच्या जिवलीने, शिंपल्यांच्या भट्टीतला, ताजा.

“मास्तर, झाकून ठेवा हां. दर्याचा वारा खाल्ला की मरतो.”

“बरं बरं,” म्हणाले मास्तर, आणि आठ दिवस फळ्यावरचं अक्षर घोटत बसले. टोपली खिडकीत उघडीच.

तपासणीच्या दिवशी थर्मामीटर दिला प्रभाकडे. वाणगाव स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या दशरथ सांधेवाल्याची ही लेक. विज्ञान मागणारी शाळेतली एकुलती एक मुलगी. साहेबांच्या डोळ्यांत भरेल, हाही हिशेब होताच.

“एकोणतीस, सर.”

भुशात बसवलेल्या पितळी भांड्यात चुना पडला. मास्तर ढवळू लागले.

“तीस... बत्तीस... तेहेतीस.”

पुढे काही नाही.

“थांब, चढेल.”

“चढत नाही, सर. दोन मिनिटं झाली.”

साहेबांनी चष्मा काढला. “काय मास्तर, चुना झोपला काय?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. हेडमास्तर दातांतल्या दातांत म्हणाले, “ए एकनाथ...”

मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळला. ते वाकले. पाऱ्याची रेघ तेहेतिसावर, स्पष्ट. त्यांना खिडकीतली टोपली दिसली, जिवली आठवली. मग ते ताठ झाले.

“एकोणचाळीस! पोरीने सहा अंश गिळले, साहेब.”

वर्ग हशाने फुटला. प्रभाने पुन्हा पाऱ्याकडे पाहिलं.

“सर, तेहे—”

“आकडा वाचता येत नसेल तर गप्प बसावं!”

खडू धावला. दहा अंश, म्हणून १५.६. बेरीज २३५.८, आधी वजा. साहेबांनी आपलं पुस्तक उघडून ताडून पाहिलं. दशांशालाही फरक नाही.

“वा, मास्तर!”

निघताना साहेबांनी सहज भांड्यात बोट बुडवलं. नुसतं कोमट. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी फळ्याकडे. साहेबांच्या यादीत विज्ञानशिक्षकांच्या सात जागा रिकाम्या होत्या. आज एक भरत होती. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि शेरा लिहिला: ‘शिक्षक कुशल. निरीक्षणात हयगय करणाऱ्या विद्यार्थिनीस विज्ञान देऊ नये.’

दुपारी जिवली टोपली न्यायला आली. तळाशी उरलेला चुना तिने चिमटीत चुरडला, तर पीठ झालं.

“मेलाय हा, मास्तर. ह्याने पाणी तापवलं?”

“तापवलं,” मास्तर म्हणाले. बाहेर प्रभा दप्तर छातीशी धरून स्टेशनाकडे चालली होती. हाक मारायला अजून वेळ होता. मास्तर फळा पुसत राहिले.

तर शेवटची बेरीज अशी. मास्तर कायम झाले, वसुमती मिळाली, ‘ए’ गेला. साहेबांची जागा भरली, शाळेचं नाव झालं. चुन्याचे सहा अंश आठ दिवसांत दर्याच्या वाऱ्याने नेले होते. ते भरून दिले प्रभाने.