गादीवर मांडलेली शहरं

“आनि ह्यूस्टनात दुधाचा भाव काय?” महादेवप्पांनी विचारलं आणि ताटातली कडक भाकरी मुठीनं मोडली.

“न्यूयॉर्कपेक्षा थोडं स्वस्त आहे, अप्पा,” मल्लिकार्जुन म्हणाला.

“थोडं म्हंजे?”

“असेल पाच-दहा सेंटांचा फरक.”

“मग त्यात काय येतंय! तेवढ्यासाटी कुनी गाव सोडतंय व्हय?”

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या दशकातली. भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत गेले चार दिवस अमेरिका मुक्कामाला होती. महादेवप्पांचा मुलगा मल्लिकार्जुन पाच वर्षांनी, गड्ड्याच्या जत्रेचं निमित्त करून, बायकोला घेऊन सोलापूरला आला होता. न्यूयॉर्कला तो इंजिनियर होता. आता शिकागो आणि ह्यूस्टन अशा दोन ठिकाणांहून त्याला बोलावणं आलं होतं, आणि परत गेल्या गेल्या उत्तर द्यायचं होतं. वच्छलेला पाचवा महिना लागलेला. तिचं मन ह्यूस्टनकडे होतं. मल्लिकार्जुनचं काही ठरत नव्हतं, आणि न ठरलेली गोष्ट अप्पांपुढे आणून ठेवायची त्याला लहानपणापासून खोड होती. विलायतेत राहूनही ती खोड गेली नाही, याचा महादेवप्पांना मनातून फार आनंद झाला होता.

महादेवप्पा चाटी गल्लीतल्या एका कापडदुकानात गादीवर बसत. उभा जन्म इरकली लुगडी आणि खण दाखवण्यात गेला. त्यांच्यापुढे बसलेली बाई रिकाम्या हातानं पायरी उतरत नाही, असं मालकही कौतुकानं सांगत. त्यांचं कसबच तसं होतं. जे विकायचं ते महादेवप्पा आधी कधीच दाखवत नसत. आणि जे विकायचं नाही त्याची निंदाही करत नसत. त्याची स्तुतीच करायची, पण अशी, की बाईचा हात आपोआप मागं यावा. “टिकायला दगड हाय बघा. जरा जड लागंल, पन हुती सवय.” झालं, ते लुगडं पडलं बाजूला.

शिकागो पहिल्याच दिवशी असं बाजूला पडलं होतं. “झकास गाव. बर्फ काय, चार-सा म्हैनेच असतंय न्हवं?” एवढं एकच वाक्य पुरलं. भाडं न्यूयॉर्कपेक्षा कमी होतं, पण घर उबदार ठेवायला केवढं बिल येतं ते मल्लिकार्जुननंच मग सांगून टाकलं.

ह्यूस्टन मात्र चिवट निघालं, कारण त्याच्या बाजूनं वच्छला बोलत होती.

“अप्पा, आत्ता आमच्या दोन खोल्यांना महिन्याला दोनशे साठ डॉलर भाडं जातं,” ती म्हणाली. “ह्यूस्टनला थोडे जास्त घातले की तेवढ्या हप्त्यात स्वतःचं घर होतं. तीन झोपायच्या खोल्या, पुढं अंगण, मागं अंगण. शिवाय तिथं पगारावर राज्याचा कर नाही.”

“किती वर्सं भरायचा हप्ता?”

“तीस.”

महादेवप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. “तीस,” ते म्हणाले, आणि लगेच सावरून घेत चेहरा प्रसन्न केला. “घ्यावं की मग. मोटं घर म्हंजे लई चांगलं. झाडलोट करायला बाई मिळत आसंल?”

“नाही मिळत.”

“मग तूच करशील की. बाळंतपन झाल्यावर सावकाश. मल्लू, तितं मोटारबी लागंल न्हवं?”

“दोन लागतील. न्यूयॉर्कला लागत नाही, खाली गेलं की भुयारी रेल्वे.”

“दोन तर दोन. आनि ऊन?”

“सोलापूरएवढं. वर घाम. सगळं घर मशिननं गार ठेवावं लागतं.”

“ठेवायचं की. बिल येतंय तर भरायचं.”

मल्लिकार्जुननं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, “तसं बघितलं तर न्यूयॉर्कच बरं. भाड्याची जागा म्हणजे डोक्याला घोर नाही.”

महादेवप्पांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाल्यावर आपण बोलायचं नसतं. वच्छलेनं खाली बघत ताटं उचलली आणि मोरीकडे गेली.

एवढा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. जाताना पोरगा म्हणाला होता, पाच वर्षांनी परत येतो. पाच वर्षं झाली, आणि हा त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. न्यूयॉर्कला नोकरदाराला घर घेणं झेपत नाही, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं तेव्हा महादेवप्पांना धीर आला. भाड्यानं राहणारा माणूस कधीतरी गाशा गुंडाळतो. घर घेतलं की संपलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा आणि सून वच्छलेच्या आईला भेटायला माढ्याला गेली. मल्लिकार्जुनची आई बसव्वा भाकऱ्या थापत होत्या. महादेवप्पा दुकानाची टोपी घालून जेवायला बसले.

“काल पोराला लुगडं इकलं की तुमी,” परातीतून मान वर न करता बसव्वा म्हणाल्या.

“मी काय इकलं? त्यानंच ठरवलं.”

“सगळ्या बायकाबी असंच म्हनतेत.”

महादेवप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “बसव्वा, घर घेतलं तर त्यो येत न्हाय गं. भाड्यानं हाय तवर आपला हाय.”

“आनि आपन?” बसव्वांनी भाकरी तव्यावर टाकली. “वळसंगास्नं आलो तवा काय म्हनला हुता? चार वर्सं नोकरी करू, परत जाऊ. म्हनून जागा घेतली न्हाय. त्या वक्ताला स्वस्तात मिळत हुती, मी किती मागं लागले. गेलो का परत?”

“जमलं न्हाय.”

“न्हायच जमत. मामंजी दर सनाला वाट बगत ऱ्हायले, तसंच गेले. त्यांनाबी गावलो न्हाय, हितंबी दुसऱ्याच्याच घरात.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भाकरी उलटायची राहिली होती. “मल्लू झाला तवा आढ्याला पाळना बांदू दिला न्हाय मालकानं. आढं ढिलं हुतंय म्हनला. वरीसभर पोरगं मांडीवर हलवलं मी. पायाला मुंग्या यायच्या, उटता यायचं न्हाय. तुमी दुकानात. काल ती पोरगी ताटं उचलून गेली न्हवं, मला बगवलं न्हाय.”

महादेवप्पांनी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पाळणा नव्हता हे त्यांना आठवत होतं. का नव्हता, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. या दोन खोल्या आपल्या दोघांनाही पुरल्या अशीच त्यांची समजूत होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटलं. तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

संध्याकाळी पोरं परत आली. वच्छलेनं पाय धुवून ओच्याला हात पुसले तोच महादेवप्पा म्हणाले, “मल्लू, ह्यूस्टन घे. घर घे.”

“पण काल तर तुम्ही...”

“काल मी तुला गिऱ्हाईक केलं. बापानं करू न्हाय ते केलं. उनाचं काय सांगतुस? तू सोलापूरचा हायेस.”

वच्छला जागच्या जागी उभी राहिली. मग एकदम पदर डोळ्यांना लावून आत बसव्वांकडे गेली.

मल्लिकार्जुन अप्पांच्या शेजारी चटईवर बसला. “अप्पा, मी जाताना पाच वर्षं म्हणालो होतो.”

“मला वाटलं, इसरलास.”

“नाही विसरलो. म्हणून तर ठरत नव्हतं.”

‘येईन’ असं मात्र तो म्हणाला नाही. पोरगं खोटं बोललं नाही, याचं महादेवप्पांना बरं वाटलं.

“येशील तवा म्हैनाभर ये,” ते म्हणाले. “आठ दिसाचा पाव्हना हुन येऊ नगंस. आनि पोरगं घेऊन ये.”

“तुम्ही दोघं या की तिकडं. खोली असेल तुमची.”

“बगू,” महादेवप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात जत्रेची गर्दी होती. दुपारी जरा उसंत मिळाल्यावर महादेवप्पांनी वरच्या फळीवरचा हातमागाच्या पडद्याचा तागा काढला. तांबडा, पिवळ्या काठाचा. गादीवर उलगडून ते गजानं मोजू लागले. शेजारचा कल्लप्पा, दुकानातला दुसरा विक्रेता, बघत होता.

“कुनाच्यात द्यायचाय?”

“मल्लूच्या दाराला. घर घ्यायलाय त्यो.”

“आरं वा! कुटं? होटगी रोडला?”

“न्हाय. तिकडं.”

कल्लप्पा उगाच मोठ्यानं म्हणाला, “झाक झालं की! दाराचं माप आनलंय न्हवं? कापल्यावर दुकान परत घेत न्हाय. तुमीच सांगता सगळ्यांना.”

“माप कुटलं? घर अजून बगायचंय त्याला. मोटी दारं असत्याल तिकडं,” महादेवप्पा म्हणाले, आणि हातभर कापड जास्त धरून कात्री चालवली.

घडी घालून ती त्यांनी कागदात बांधली. मालक गल्ल्यावरून म्हणाले, “महादेवप्पा, पैशाचं असू द्या, आपल्याच घरचं हाय.” पण ते गादीवरून उतरले, चपला घातल्या, आणि पायरीवर दोन बायका पैसे द्यायला उभ्या होत्या त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.