थोराबाईंचा कान आणि म्हातारी क्लेमेंटाइन

उंदराची छाती तपासायची तर त्याला टेलिफोनसारखं कानाला लावावं लागतं. इंग्लंडातल्या लँकशर परगण्यात पाळीव उंदीरवाल्यांत हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. छाती स्वच्छ असली तर काही ऐकू येत नाही. खरखर आली की फुप्फुसाला लागलंच समजा. म्हणून उंदरांच्या प्रदर्शनाच्या दारात उंदीर आधी कानाला लागतो, मगच आत जातो. एक जरी आजारी निघाला, तरी मालकानं सगळं बिऱ्हाड उचलून घरचा रस्ता धरायचा.

त्या शनिवारी चर्चच्या हॉलबाहेर पर्सी ओलरेनशॉ बाराव्या नंबरावर उभा होता. हातातल्या पेटीत क्लेमेंटाइन. वय पावणेतीन वर्षं, म्हणजे उंदरांतली नव्वदीची आजीबाई. पुढचं प्रदर्शन ऑक्टोबरात, आणि तोवर ती टिकेल अशी आशा पर्सी स्वतःलाही दाखवत नव्हता. म्हाताऱ्या उंदरांच्या स्पर्धेच्या टेबलावर तिनं एकदा तरी बसावं, एवढीच त्याची हौस.

पण रांग पुढे जायची ती मागेच येत होती. पहिले अकराच्या अकरा मालक पेट्या घेऊन परतले. दारात तपासायला थोरा एन्टविसल, वय ब्याऐंशी. डोळे मिटून उंदीर कानाला लावायच्या आणि डोळे उघडून निकाल द्यायच्या: खरखर, घरी जा. त्यातला एक उंदीर तर इतका धट्टाकट्टा, की येताना त्यानं बसमधून कुत्रा उतरवला होता. मालकाचं बोलणं आहे, निम्मं सोडून द्या.

पर्सी मात्र निर्धास्त होता. सकाळीच त्यानं क्लेमेंटाइनला कानाला लावलं होतं, आत सगळं शांत. डोळ्याच्या कोपऱ्यात गंजासारखा लाल ठिपका होता खरा. नवखा माणूस त्याला रक्त समजून धाय मोकलतो, पण उंदराचे अश्रूच तांबडे. झोपून उठलेल्या म्हातारीला तोंड धुवायचा कंटाळा, दुसरं काय. ओल्या कापसानं पुसल्यावर ठिपका परत आला नाही. शिवाय तिनं लापशी चाटूनपुसून खाल्ली आणि त्याचा एक मोजा पळवला. आजारी जीव चोऱ्या करत नाही.

त्याची पाळी आली. "खरखर," थोराबाई म्हणाल्या.

या वेळी ती पर्सीलाही ऐकू आली. फक्त ती क्लेमेंटाइनमधून येत नव्हती, थोराबाईंच्या कानामागच्या नव्या श्रवणयंत्रातून येत होती. काही जवळ नेलं की यंत्र खरखरायचं. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी एकदा बिशपचे उंदीर परत पाठवले होते, आणि शिंकले होते खुद्द बिशप.

पर्सीनं नियमाप्रमाणे दुसरी तपासणी मागितली. थोराबाईंनी हात पुढे करून डोळे मिटले. पर्सीनं जेवणासाठी आणलेलं बटाटा-मटणाचं गरम पॅटिस रुमालात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवलं.

बराच वेळ त्यांनी ऐकलं. "उजवी बाजू पार गेलीय. डावीही तग धरत नाही. आजच्या आज डॉक्टरकडे ने."

"डॉक्टर काय करील, थोराबाई? आत बटाटे आहेत."

मागच्या रांगेतल्या उंदरांनीही कुरतडणं थांबवलं म्हणतात. थोराबाईंनी डोळे उघडले. कॉलरवर रस्सा ओघळत होता. त्यांनी कानामागचं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं.

"मेल्या, अकरा जणांना घालवल्यावर सुचलं होय तुला?" त्या म्हणाल्या. "आण तिला इकडे."

मग छातीपुरता कान त्यांनी रांगेतल्या एका नवख्या बाईचा उसना घेतला. तिला काहीच ऐकू आलं नाही. बाकीचं त्यांनी डोळ्यांनी आणि बोटांनी पाहिलं. केस पिंजारलेले नाहीत, श्वासाला बरगड्या ओढल्या जात नाहीत, नाक कोरडं. शेवटी त्यांनी क्लेमेंटाइनच्या कानामागे खाजवलं, तशी म्हातारी दात करकर वाजवू लागली आणि तिचे डोळे आतबाहेर नाचू लागले. नवखी बाई किंचाळली, फीट आली म्हणून.

"फीट नाही गं. खूश झालीय," थोराबाई म्हणाल्या. "मांजर घुरघुरतं, हे डोळे नाचवतात."

मग अकरा मालकांना शेजारच्या दारूच्या गुत्त्यातून बोलावून आणलं, आणि क्लेमेंटाइनला थोराबाईंनी स्वतः उचलून टेबलावर नेलं. तिथे परीक्षकाकडे पाठ करून ती झोपली आणि चारांत चौथी आली. पर्सी पाच वाजेपर्यंत त्या टेबलापासून हलला नाही.